साठ तुकड्यांचा गेम

देवासच्या माणसाला वाटणी शिकवायच्या भानगडीत कोणी पडू नये. एकाच गावात दोन राजे नांदवून दाखवलेलं गाव आहे हे. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एकाचा शिपाई उभा, त्या अंगाला दुसऱ्याचा. पुढे राजे गेले, शिपाई गेले, गावाभोवती कारखाने उभे राहिले, पण सवय कुठे जाते? जगदाळ्यांच्या दोघा भावांनी घरं वेगळी केली तेव्हा लोक त्यांनाही थोरली पाती आणि धाकटी पातीच म्हणायला लागले. आधी चेष्टेनं म्हणायचे, मग तेच नाव पडलं.

थोरले जयसिंगराव सहकारी बँकेत होते. धाकटे मानाजी औद्योगिक वसाहतीत गिअरच्या कारखान्यात सुपरवायझर. दोन्ही घरं सिमेंटची, नवी, मध्ये दोन गल्ल्या. उमाबाई ही मानाजींची बायको, आणि ही हकीकत मुख्यतः तिचीच आहे. गेम वगैरे सगळं तिच्यामुळेच सांगावं लागतं, नाहीतर मला गेमशी काय देणंघेणं!

भावाभावांचं भांडण कशावरून? तर दसऱ्यावरून. शस्त्रपूजा थोरल्या घरी व्हायची, दोघांनी मिळून करायची. त्या वर्षी मानाजींची पाळी उशिरा सुटली. धापा टाकत पोहोचले, तोवर जयसिंगरावांनी पूजा उरकून टाकलेली. गुरुजींना आणखी एका घरी जायचं होतं, कारण एवढंच. पण मानाजींना ते लागलं.

"आम्ही काय पाहुणे आहोत, दादासाहेब?"

"वेळ पाळता येत नसेल तर पाहुण्यासारखंच वागवावं लागतं," जयसिंगराव म्हणाले.

झालं! मानाजींनी हातातलं सोनं, म्हणजे आपट्याची पानं, उंबऱ्यावर ठेवली आणि पाठ फिरवली. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, त्या जातीचे दोघे. त्याला आता चार वर्षं झाली होती.

उमाबाई त्या दिवसापासून थोरल्या घराची पायरी चढली नाही. नवरा ज्या घरी जात नाही तिथं बायकोनं कुठल्या तोंडानं जायचं? पण तिच्या पोटात तुटायचं. थोरल्या जाऊबाई, विनोदिनीबाई, तिच्या अक्का, मूळच्या धारच्या, आणि उमाही धारचीच. धारला एका हळदीकुंकवाला विनोदिनीबाईंनी तिला पाहिलं, आवडली म्हणून आपल्या दिरासाठी मागून घेतली. सासरी आल्यावर पुरणाचा कट कसा करायचा इथपासून सासूच्या बोलण्यातलं कुठलं मनावर घ्यायचं नि कुठलं सोडून द्यायचं इथपर्यंत सगळं अक्कांनीच शिकवलेलं. दोघी दुपारी एका ताटात जेवायच्या. सख्ख्या बहिणी भांडतील, या दोघी भांडल्या नव्हत्या. आता अक्का मंगळवारी सकाळी माताजीच्या टेकडीवर जायच्या, तर उमाबाई मुद्दाम दुपारी जायची, समोरासमोर येणं नको म्हणून. देवीलासुद्धा यांनी पाळ्या लावून दिल्या, आता बोला!

पोरांचं मात्र वेगळंच चाललं होतं. उमाबाईचा हर्षित आणि अक्कांची शिवांगी बारावीला होते आणि कॉम्प्युटरवर रोज एकमेकांशी गप्पा मारत होते. ही दोन हजार सातची गोष्ट. फोनच्या तारेतून घरात इंटरनेट आलं होतं, पण येणं आपलं नळाला पाणी यावं तसं, आलं तर आलं. दिवाळीच्या सुट्टीत पोरांच्या डोक्यात एक गेम भरला. किल्ले बांधायचे, फौजा ठेवायच्या, समोरच्याचं राज्य घ्यायचं. विलायतेत नुकताच निघालेला, इंदूरच्या बाजारात त्याची डिस्क अजून आली नव्हती.

एका साइटवर तो फुकट होता. पण गेम अवाढव्य, म्हणून कोणीतरी त्याचे साठ तुकडे करून ठेवलेले. साठही जमवायचे, शेवटी एकत्र जोडायचे, की गेम तयार. फुकट्यांना ती साइट एका वेळी एकच तुकडा द्यायची. तो उतरला की लगेच दुसरा नाही, बराच वेळ थांबा म्हणायची. आणि मध्येच लाइन तुटली किंवा बत्ती गेली की तो तुकडा पहिल्यापासून. आमच्याकडे त्या दिवसांत बत्ती किती वेळ असायची ते विचारू नका. एक तुकडा पदरात पडायला कधी एक दिवस लागायचा, कधी चार.

म्हणून पोरांनी तोडगा काढला. दोन घरं, दोन फोन, दोन कॉम्प्युटर. एक, तीन, पाच असे विषम तुकडे थोरल्या पातीनं उतरवायचे, सम धाकट्या पातीनं. रक्तातच आहे ना!

शिवांगी म्हणाली, मी तुला साइटचा पत्ता पाठवते. हर्षित घरात मोठ्यानं म्हणाला, "शिवांगी पत्ता भेजने वाली है." मानाजी पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "थोरल्यांच्या घरून कशाला? आपल्याला शोधता येत नाही का?" हर्षितनं वाद घातला नाही. त्यानं आपला स्वतंत्र पत्ता शोधला. तोच गेम, तेच साठ तुकडे, म्हटल्यावर त्याला दोन्ही सारखंच.

पण हर्षित सकाळच्या बसनं इंदूरला कोचिंगला जायचा तो संध्याकाळी परतायचा, आणि संध्याकाळी नेमकी बत्ती गुल. रात्री मानाजी सगळे प्लग काढून ठेवायचे, वीज पडेल म्हणून. आकाशात ढग नसला तरी काढायचे. म्हणजे उतरवायचं काम दिवसाच व्हायला हवं.

"मम्मी, तू बघशील? फार काही नाही. बत्ती आली की चालू करायचं, इथं क्लिक, मग ही अक्षरं टाइप करायची, आणि थांबायचं. बस."

"मला इंग्रजी कुठे नीट येतं रे?"

"वाचायचं कुठे आहे? दिसतं तसं टाइप करून टाक ना."

ती अक्षरं म्हणजे वाकडीतिकडी, एकमेकांच्या अंगावर पडलेली, मागे रेघोट्या. तुम्ही माणूसच आहात ना, हे साइटला त्यावरून कळायचं म्हणे. पहिल्या दिवशी उमाबाई सतत चुकली. साइटला ती माणूस वाटेचना. तिला हसू आलं आणि रागही आला. मग तिनं चष्मा पुसला, स्वयंपाकघरातला स्टूल आणून ठेवला आणि बसली. आठवडाभरात तिचा हात असा बसला की भाजी फोडणीला टाकून ती येऊन अक्षरं टाकायची आणि भाजी लागायच्या आत परत जायची. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकताना बघायला तिला आवडायला लागलं होतं, हे ती कोणाला सांगत नव्हती एवढंच.

पहिले काही तुकडे जमले तेव्हा प्रश्न आला की ते त्या घरी पोहोचवायचे कसे. हर्षित बोटाएवढा पेन ड्राइव्ह तिच्यापुढे धरून म्हणाला, "मम्मी, तू मंगळवारी टेकडीवर जातेसच. काकीपण जाते. तूच देऊन दे ना."

 उमाबाई 'बरं' म्हणाली, आणि इतक्या चटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

त्या मंगळवारी ती सकाळी गेली. टेकडीच्या वळणावर फुलवाल्यांची दुकानं संपतात, तिथं कठड्याशी अक्का उभ्या होत्या. शिवांगीनं त्यांना सांगून ठेवलं होतं. चार वर्षांत अक्कांचे केस पांढरे झाले होते. उमाबाईनं वाकून नमस्कार केला आणि कुंकवाच्या डबीतून पेन ड्राइव्ह काढून पुढे केला.

"हे हर्षितनं दिलंय."

"हो. शिवांगी म्हणाली." अक्कांनी तो घेतला, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. मग उमाबाईकडे बघून म्हणाल्या, "किती वाळलीस गं! जेवतेस की नाही?"

एवढंच. पण उमाबाईचे डोळे भरून आले आणि तिनं देवळाच्या कळसाकडे बघायचं निमित्त केलं.

पुढे दर मंगळवारी. कधी हा डबीतून जायचा, कधी तो पदरातून यायचा. आधी दोघी उभ्याउभ्याच बोलायच्या, कोणी बघेल या धाकानं. मग कठड्यावर बसायला लागल्या. गेमचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं. "तुमचे किती झाले?" "लाइन सारखी तुटते बाई." की मग बाकीचं सुरू. शिवांगी फार उलट बोलते. हर्षितला पुण्याला पाठवायचं म्हणतात, तो तिथं काय खाईल? धारच्या बाजारात आता म्हणे पूर्वीसारखी भांडी मिळत नाहीत. चार वर्षांचं साचलेलं होतं, ते एका मंगळवारात थोडंच संपतं!

आणि म्हणून उमाबाईला एक नवीनच घोर लागला. हर्षित रोज संध्याकाळी बसमधून उतरला की दारातच विचारायचा, "आला का?" आला म्हटलं की उड्या मारायचा. उमाबाईला मात्र प्रत्येक तुकडा उतरला की वाटायचं, चला, आणखी एक मंगळवार कमी झाला. साठ पुरे झाले की मग काय? मग टेकडीवर तिनं दुपारी जायचं आणि अक्कांनी सकाळी. कधी तिच्या मनात यायचं, आज बत्ती लवकर गेली तर बरं. असं मनात आलं की ती स्वतःलाच टोचून बोलायची. पोराची हौस आणि आपण असा विचार करतो, आई आहोत की कोण आहोत? मग ती चिडून दोन दिवसांत लागोपाठ दोन तुकडे उतरवायची.

हर्षितनं सगळे तुकडे जमेपर्यंत एकही उघडून बघितला नाही. कोचिंगमधल्या कोणी पोरानं सांगितलं होतं म्हणे, अर्धवट जोडलं की खराब होतं. ते त्यानं वेदवाक्य मानलं. गुढीपाडव्याला उघडायचं ठरलं. मुहूर्त उत्तम, घरात श्रीखंड, गुढी उभारलेली.

पाडव्याला सकाळी बत्ती होती, हेही एक आश्चर्यच. हर्षित आंघोळ करून कॉम्प्युटरपुढे बसला. उमाबाई मागे स्टूलवर. मानाजीही पाटावरून उठून येऊन उभे राहिले, आपल्याला काही उत्सुकता नाही असं तोंड करून. हर्षितनं बटण दाबलं. पट्टी थोडी सरकली आणि थांबली. लाल अक्षरं आली. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा लाल.

दुपारपर्यंत त्याला उलगडा झाला. गेम एकच, पण तुकडे करणारे दोघे वेगळे होते. एकच ताका दोन शिंप्यांनी साठ-साठ तुकड्यांत फाडला, पण कात्री वेगवेगळ्या जागी चालली, तर याचे तुकडे त्याच्या तुकड्यांना कसे जुळणार? थोरल्या पातीचा एकही तुकडा धाकट्या पातीच्या तुकड्याला लागत नव्हता. दिवाळीपासूनची मेहनत पाण्यात.

"पत्ता एकच घ्यायला हवा होता," हर्षित म्हणाला. तो मानाजींकडे बघून म्हणाला नाही. मानाजी गच्चीवर गुढी सरळ करायला गेले. ती सरळच होती.

हर्षित त्या दिवशी श्रीखंड खायला उठला नाही. उमाबाईचा जीव तुटला. अर्ध्या तुकड्यांसाठी तर तीच बसली होती ना, अक्षरं टाकत! पण दुसऱ्या दिवशी पोरगा इंदूरहून आला तो हसत. बाजारात डिस्क आली होती, एका मित्रानं घेतली होती, यानं त्याच्याकडून मागून आणली. "मम्मी, एका मिनिटात काम झालं यार!" म्हणाला आणि किल्ले बांधायला बसला. शिवांगीलाही कळवलं. पोरांचं दुःख ते, एका रात्रीत वाळलं. ते बरंच झालं म्हणा.

उमाबाई स्टूलवर बसून बघत राहिली. स्टूल आता स्वयंपाकघरात परत न्यायचा होता. तिला रडायला येत होतं आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं.

मंगळवारी ती टेकडीवर गेली. शेवटच्या खेपेचा पेन ड्राइव्ह अक्कांच्या घरचा होता, तो परत करायला. एवढं एक निमित्त उरलेलं.

"सगळं फुकट गेलं, अक्का. तुमचे नि आमचे जुळतच नव्हते."

"माहीत आहे मला," अक्का म्हणाल्या.

"शिवांगीनं सांगितलं असेल परवा."

"परवा नाही." अक्कांनी कठड्यावरची धूळ हातानं झाडली आणि बसल्या. "दिवाळीनंतर, पहिल्याच खेपेला. तू दिलेलं घेऊन गेले ना, तर शिवांगीला कुठला दम! तिनं लगेच जोडून बघितलं. म्हणाली, मम्मी, ये तो मैच ही नहीं हो रहा, हर्षितनं दुसरीकडून घेतलंय. मी फोन लावून सांगते त्याला."

"मग?"

"मग मी तिला जगदंबेची शपथ घातली. सांगायचं नाही म्हटलं."

उमाबाईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचे कान तापले. "म्हणजे? हिवाळाभर माझं पोर रोज दारातून आला का, आला का विचारत होतं, अक्का! मी त्या स्टूलवर बसून कमरेचा काटा ढिला करून घेतला. आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तुमचे तुकडे? ते तुम्ही उतरवत होतात की तसंच काहीतरी भरून द्यायच्यात?"

"नाही गं! उतरवत होते. सगळे उतरवले. शिवांगीनं तर त्याला नंतर हातही लावला नाही, मीच बसायचे. शेजारणीचा डबा कधी रिकामा परत केलाय का आपण? मग हे तरी रिकामं कसं देऊ?"

उमाबाईला हसू येईना आणि रागही धरवेना. ती अक्कांच्या शेजारी कठड्यावर टेकली.

"मागच्या साली माझं ऑपरेशन झालं," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, बाजारभाव सांगावा तसा. "पिशवी काढली. इंदूरला पडून होते. धारहून माहेरची सगळी येऊन गेली. पण दार वाजलं की मला आपलं वाटायचं, उमा असेल. तू येऊ शकत नव्हतीस ते कळत होतं मला. मन ऐकत नाही ना. मग दिवाळीनंतर तू ही डबी घेऊन समोर उभी राहिलीस. आता ते जुळत नाही म्हणून सांगितलं असतं, तर दुसऱ्या मंगळवारी आली असतीस का?"

नसती आली. उमाबाईला ते ठाऊक होतं. ऑपरेशनचं तिला तेव्हाच कळलं होतं, आणि ती देवघरात बसून रडली होती, आणि नवरा घरी यायच्या आत तोंड धुऊन घेतलं होतं. तेही तिनं अक्कांना सांगितलं. मग दोघी डोळे पुसत बसल्या. येणारेजाणारे बघत होते, बघू देत म्हणाल्या.

"आता पुढे?" अक्कांनी विचारलं.

उमाबाईनं पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला आणि उठली. पण टेकडी उतरता उतरता उमाबाईनं मनाशी पक्कं केलं. बास झालं. आज नवऱ्याला स्पष्ट सांगायचं. चिडू देत, आरडाओरडा करू देत, अबोला धरू देत. मी अक्कांना भेटणार म्हणजे भेटणार. वाटेत तिनं सगळी वाक्यं जुळवली. तुमचं भांडण तुमच्यापाशी, इथून सुरुवात करायची. घर येईपर्यंत तिला धाप लागली होती, ती नुसती चालण्याची नव्हती.

मानाजी सकाळच्या पाळीहून दुपारी आले. बूट काढत होते. उमाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि उभ्यानंच बोलून टाकलं.

"मी दर मंगळवारी टेकडीवर अक्कांना भेटते. दिवाळीपासून."

"हं," मानाजी म्हणाले. दुसरा बूट निघत नव्हता. "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"आमच्या खात्यातला बलराम भिया जातो ना दर मंगळवारी दर्शनाला. हिवाळ्यातच म्हणाला, भाभीजी बैठी थीं दोनों. बरी आहे का वहिनींची तब्येत आता?"

 उमाबाईनं जुळवलेली वाक्यं सगळी कुठल्या कुठे गेली. "तुम्हाला राग नाही आला?"

"मला कशाला येईल राग?" मानाजींनी वर बघितलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "भांडण माझं नि दादासाहेबांचं. तुला कोणी मनाई केली होती?"

उमाबाई आठवत राहिली. दसऱ्याच्या त्या दिवसापासून ती एकेक प्रसंग काढून बघत होती. मानाजी चिडले होते, जेवले नव्हते, दादासाहेबांचं नाव घ्यायचं नाही म्हणाले होते. पण तू जाऊ नकोस, असं? असं कधी? तिनं पुन्हा पुन्हा शोधलं. तसं वाक्य कुठेच नव्हतं. ती जात नव्हती, कारण जायचं नसतं असं तिनंच ठरवलं होतं, आणि दुसऱ्या घरी अक्कांनीही.

"मग चार वर्षं मी जात नाही, हे दिसत होतं ना तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "एकदा तरी विचारायचंत!"

"मला वाटलं," मानाजी म्हणाले, "तुलाच जायचं नसेल."

आयुष्यात नवऱ्याचा तिला कधी एवढा राग आला नव्हता, आणि तो राग त्याच्यावर काढण्यासारखाही नव्हता, ही त्यातली खरी आग. तिनं चहाचं आधण तसंच बंद केलं. पायात चपला सरकवल्या आणि भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना, ती थोरल्या घराकडे निघाली.

दार जयसिंगरावांनी उघडलं. बँकेला सुट्टी होती, हातात टीव्हीचा रिमोट होता. चार वर्षांनी दारात आलेल्या भावजयीकडे त्यांनी बघितलं आणि बाजूला झाले.

"ये. आत आहे ती," म्हणाले आणि पुन्हा क्रिकेट बघायला बसले.

अक्का स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. उमाला दारात बघून त्यांचा हात परातीतच थांबला. "अगं बाई! कोणी बघितलं तर?"

"अक्का, तुम्हाला दादासाहेबांनी कधी सांगितलं होतं का, उमाकडे जाऊ नकोस म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? त्यांच्या मनात..." अक्का बोलता बोलता थांबल्या. त्याही आठवत होत्या. उमाबाईला ते दिसत होतं. घरी मघाशी ती स्वतः जिथं जिथं जाऊन शोधून आली होती, अक्का आता तिथंच जाऊन शोधत होत्या. बाहेरच्या खोलीत कोणीतरी बाद झालं आणि टीव्हीत लोक ओरडले.

"नाही गं," अक्का हळूच म्हणाल्या. "तसं तोंडानं कधी नाही म्हणाले."

"आमच्याकडेही नाही."

अक्का तिथंच जमिनीवर बसल्या. कणकेचे हात मांडीवर पालथे पडले, लुगडं भरलं, त्याचंही त्यांना भान नव्हतं. मग त्यांनी वर बघितलं.

"म्हणजे उमा, इंदूरला तू येऊ शकली असतीस."

"हो," उमाबाई म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी खाली बसली.